माझे अठरा फूट

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी जुनी लढाऊ नौका आहे, पण बिचारी नाही. चिखलात कलंडलेली पाहून जो तो माझ्यापाशी येतो आणि 'अरेरे' म्हणतो, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. डोलकाठ्या गेल्या, तोफा गेल्या, शिडांची लक्तरं झाली, हे सगळं कबूल. पण माझ्यावर आयुष्यात एकदाच खोटा आळ आला आणि तो मी भर न्यायालयासमोर खोडून काढला. त्याची हकीकत ऐकायची असेल तर बसा. 'अरेरे' म्हणायचं असेल तर चालू लागा.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रेतान्य नावाचा मुलूख आहे. तिथल्या लोरियाँ बंदरात माझा जन्म झाला. तिथली माणसं स्वतःला ब्रेतॉन म्हणवतात, आपापसांत आपलीच भाषा बोलतात आणि पॅरिसच्या माणसाला सरळ परका म्हणतात. त्यांच्यातल्याच ग्वेनोले नावाच्या सुताराने मला घडवलं. एकट्याने नव्हे, शंभर हात होते. पण माझी नाळ, म्हणजे पाणी कापत जाणारा माझा पुढचा उभा खांब, ती सर्वस्वी त्याची. तीन जंगलं पालथी घालून त्याने हवा तसा बाक असलेला ओक शोधला होता. कुणी घाई करायला आलं तर तो तोंडातला पाइपसुद्धा न काढता म्हणायचा, "तुला घाई असेल तर तू पोहत जा."

नाळ उभी राहिल्यावर त्याने तिच्यावर आकडे कोरले. मी पाण्यात किती खोल बसले आहे ते बाहेरून कळावं म्हणून प्रत्येक नौकेला असे आकडे असतात. तळापासून मोजायचं, दर फुटाला एक आकडा. माझे आकडे रोमन होते, तळहाताएवढे, खोल आणि रेखीव. दोन्ही बाजूंना सारखे. ग्वेनोलेच्या खिशात घडीची लाकडी पट्टी असे आणि तिच्यावर फ्रान्सचा फूट आखलेला असे. त्या फुटाला ते 'राजाचं पाऊल' म्हणत. कुठल्या राजाचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असेल कुणी मोठ्या पायाचा.

पाण्यात उतरायच्या दिवशी मी हट्टाला पेटले. आधाराचे ओंडके काढले, दोर तोडले, बँड वाजला, धर्मगुरूंनी पाणी शिंपडलं, आणि मी जागची हलेना. अर्धा दिवस! मोठे अधिकारी उन्हात घामाघूम झाले. शेवटी माझ्या मनात आलं तेव्हा मी सुळकन गेले आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना भिजवलं. माझ्यासाठी ठरवलेलं नाव वेगळंच होतं, पण त्या दिवसापासून सगळे मला 'तेत्यू' म्हणू लागले. तेत्यू म्हणजे हट्टी बाई. पुढे तेच नाव माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत चढलं.

चार वर्षं मी फ्रान्सची चाकरी केली. छत्तीस तोफा होत्या, पण माझा खरा दिमाख वेगाचा. वारा तिरका असला की मला कुणी गाठू शकत नसे. ग्वेनोले माझ्याबरोबर नौकेचा सुतार म्हणून आला होता. मी लाटेवर चढले की तो नाळेपाशी उभा राहून लाकडावर थाप मारायचा. तेवढीच त्याची शाबासकी.

मग एका सकाळी दोन इंग्रज नौकांनी मला कोंडीत पकडलं. तीन तास आम्ही झुंजलो. मधली डोलकाठी कोसळली, सुकाणूपाशी उभं राहायला माणूस उरला नाही, आणि आमच्या कप्तानाने झेंडा खाली घेतला. नीट लक्षात ठेवा, झेंडा माणसांनी उतरवला. मी तेव्हाही तरंगत होते.

इंग्रजांची एक रीत आहे. शत्रूची नौका पकडली की ते तिचं नाव बदलत नाहीत. 'हे बघा, आम्ही काय पळवून आणलं' असं जगाला दिसावं म्हणून तेच नाव ठेवतात. फक्त त्यांच्या तोंडात ते बसत नाही. तेत्यूचं त्यांनी टेटू केलं. तुमच्या भाषेत कुणी तट्टू म्हटलं असतं तरी चाललं असतं, निदान अडून बसण्याचा गुण तरी जुळला असता. त्यांच्या गोदीत त्यांनी मला नव्या डोलकाठ्या दिल्या, त्यांच्या तोफा चढवल्या, काळा-पिवळा रंग फासला. नाळेवरच्या आकड्यांत रंगाऱ्याने छान पांढरा रंग भरला. आणि मग गोदीतल्या कुणीतरी, त्याचं नाव मला कधी कळलं नाही, ते आकडे वाचून कागदावर लिहून दिलं: पूर्ण सामानासह नौका अठरा फूट पाण्यात बसते.

आकडे रोमन, ते दोन्ही देशांत सारखेच. अठरा म्हणजे अठरा. कुणाला शंका येणार?

कैद्यांची रवानगी तुरुंगात झाली, पण ग्वेनोले माझ्यावरच राहिला. इंग्रजांचा सुतार लढाईत गेला होता, मला गोळ्यांची अकरा भोकं पडली होती, आणि ती कुठून बुजवायची हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तुरुंगात सडण्यापेक्षा मी बरी. त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि शिकायची त्याची इच्छाही नव्हती.

आता ज्या माणसासाठी ही सगळी हकीकत सांगते आहे, त्याच्याकडे वळते. झेनस ट्रेम्बाथ. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याच्या घरातला माणूस. तो माझा मास्तर होता. शाळेतला नव्हे, इंग्रजांच्या आरमारात पाण्याची खोली, वारा, भरती-ओहोटी यांचा हिशोब ठेवून नौका हाकणाऱ्याला मास्तर म्हणतात. कप्तान हुकूम देतो, पण नौका कुठे जाऊ शकते आणि कुठे नाही ते मास्तर सांगतो. साधा खलाशी म्हणून चढलेला ट्रेम्बाथ बावीस वर्षांनी या पदाला पोचला होता.

खलाशांना माझा भरवसा नव्हता. "फ्रेंच लाकूड आहे, कधी दगा देईल सांगता येत नाही," असं ते माझ्याच पोटात बसून, माझ्याच टेबलावर जेवताना म्हणत. ट्रेम्बाथने मात्र पहिले पंधरा दिवस काहीच मत दिलं नाही. नुसता सुकाणूवर हात ठेवून उभा राहायचा. मग एक दिवस म्हणाला, "ही हट्टी नाही रे. हिला उगाच ओढलेलं आवडत नाही, इतकंच. सैल सोडा, बघा कशी वळते." आणि त्याने मला सैल सोडलं. मी अशी वळले की मागच्या नौकेवरच्या लोकांनी टोप्या उडवल्या. खरं सांगते मित्रांनो, शत्रूच्या त्या माणसावर माझा जीव जडला.

त्याची बायको केझाया माझ्यावरच राहत असे. मास्तरांच्या बायकांना तशी मुभा होती. ती कोळणीची मुलगी, हात मिठाने खरखरीत झालेले आणि जीभ त्याहून. खलाशी कप्तानाला जेवढे भीत त्याहून जास्त केझायाला भीत. ग्वेनोलेला ती स्वतःच्या हातची पेस्टी नेऊन द्यायची. मांस आणि सलगम भरलेली कणकेची ती करंजी तो मुकाट्याने खायचा आणि मान हलवायचा. "मेला बोलत नाही, पण ताट तरी स्वच्छ करतो," ती म्हणायची.

दोन वर्षं सुखाची गेली. मग तो ऑक्टोबर आला.

आम्ही कॉर्नवॉलच्या किनाऱ्यालगत होतो. सकाळपासून नैऋत्येचं आभाळ काळवंडत होतं. जवळच एक खाडी होती, आत शिरलं की वादळ डोक्यावरून निघून जाणार. पण तिच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पसरलेला. कप्तान विंडलने ट्रेम्बाथला बोलावलं. हा विंडल म्हणजे गुळगुळीत माणूस. कपडे गुळगुळीत, केस गुळगुळीत, बोलणं त्याहून गुळगुळीत.

"मास्तर, आत जाता येईल?"

ट्रेम्बाथने दोरीला शिसं बांधून खोली मोजवली, भरतीचा तक्ता पाहिला, पुन्हा मोजवली. "दांड्यावर एकोणीस फूट पाणी आहे, साहेब. आपण अठरा. एक फूट शिल्लक राहतं आणि खाडीच्या तोंडाशी लाट नाही. पण आत्ताच जायला हवं. तासाभराने ओहोटी लागेल."

"मग चला."

मला कळत होतं. माझं बूड मला ठाऊक नाही तर कुणाला? मी कण्हले, दोर करकरवले, पण लाकडाचं कोण ऐकतं! मी दांड्यावर गेले आणि माझा तळाचा कणा वाळूत रुतला. आधी अगदी हळू, जणू कुणी हाताने धरलं. मग पाठीमागून वारा आला आणि मी गच्च बसले. सुकाणू निखळलं. ओहोटी लागली. रात्र पडायच्या आत मला हलकं करण्यासाठी त्यांनी चौदा तोफा समुद्रात लोटल्या. पुढच्या भरतीला मी सुटले खरी, पण तळ फाटलेला, सुकाणू नाही, आणि दोन नौकांनी दोर बांधून मला बंदरात ओढत आणलं. मला! ओढत!

आरमारात नौका वाळूवर चढली की खटला ठरलेला. पाच कप्तान आणि वर एक अध्यक्ष बसतात आणि दोषी कोण ते ठरवतात. आणि दोषी सहसा मास्तर निघतो. दोषी मास्तराला नोकरीवरून काढलं की पुन्हा कुणी मच्छीमाराच्या होडीवरही घेत नाही, कारण त्याच्या नावापुढे एकच गोष्ट लागते: याने नौका वाळूत घातली.

खटल्याच्या आदल्या सकाळी विंडल ट्रेम्बाथच्या खोलीत आला. दार लोटलं. पण दार माझं, भिंती माझ्या. मी सगळं ऐकलं.

"हे बघा मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही बुडालात तर थोडे शिंतोडे माझ्यावरही उडणार. दोघांनीही का भिजायचं? सरळ सांगायचं, नौकेने सुकाणू ऐकलं नाही. वळवत होतो पण वळली नाही. फ्रेंच बनावटीची आहे, सगळ्यांना पटेल. खलाशी तर आधीपासून तेच म्हणताहेत."

"आणि नौकेचं?"

"मोडीत काढतील. लाकूड कामाला येईल कुठेतरी. तुम्हाला दुसरी नौका मिळेल, इंग्रज बनावटीची."

ट्रेम्बाथने समोरचा भरतीचा तक्ता गुंडाळला. मग म्हणाला, "साहेब, तिने सुकाणू ऐकलं होतं. शेवटच्या क्षणापर्यंत ऐकत होती. मी सांगितलं तिथेच ती गेली. चूक असेल तर माझी असेल."

"विचार करा."

"झाला करून."

मित्रांनो, मी शत्रूच्या पोटी जन्मलेली, पळवून आणलेली नौका. माझ्यावर ढकलून तो माणूस मोकळा होऊ शकत होता. आणि त्याने नाही म्हटलं.

विंडल गेला आणि पडद्याआडून केझाया आली. तिनेही ऐकलं होतं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं, झेनस?"

"आहे."

"लाकडासाठी? लाकडासाठी बावीस वर्षं पाण्यात घालतोस? हो म्हणायचं होतंस! ती काय उद्या तुझ्या दारात येऊन भाकर घालणार आहे?"

"खोटं आहे ते, केझी."

"मग खरं काय आहे? सांग ना! अठरा फुटांची नौका एकोणीस फुटांत रुततेच कशी?"

"तेच कळत नाही," ट्रेम्बाथ म्हणाला, आणि मी त्याचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "पन्नास वेळा आकडेमोड केली. पाणी मी स्वतः मोजलं होतं. एकोणीसच होतं."

केझाया धाडकन दार आपटून बाहेर पडली. पाय आपटत पुढे आली, पेस्टीची थाळी उचलली आणि दोरीच्या शिडीने माझ्या नाळेपाशी बांधलेल्या तराफ्यावर उतरली. तिथे ग्वेनोले फाटक्या फळ्या बसवत होता. मोडतोड झाल्याने उरलेलं जड सामान पुढे रचलं होतं, आणि त्यामुळे माझी नाळ नेमकी अठराच्या आकड्यापर्यंत पाण्यात होती.

"खा!" केझाया थाळी आदळत ओरडली. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिने सगळा राग त्याच्यावर काढला. "खा तू! तुझ्या या भवानीपायी माझा नवरा देशोधडीला लागतोय! अठरा लिहिलंय ना इथे? अठरा!"

ग्वेनोले नुसता बघत राहिला. काही कळत नव्हतं बिचाऱ्याला. तेव्हा ती चिडून बोटांवर मोजायला लागली, आणि राग अनावर झाला की माणूस आपल्या आईच्या भाषेत जातो तशी ती गेली. कॉर्नवॉलची जुनी भाषा तेव्हा जवळजवळ मेलेली होती. पण कोळणी मासळी मोजताना अजून तेच जुने आकडे म्हणत, कारण त्यांच्या आया तसेच मोजत आल्या होत्या.

"ओनान, देव, त्री, पेस्वार, पिम्प..." ती बोटं दुमडत गेली.

ग्वेनोलेच्या हातातला हातोडा थांबला. त्याने पाइप तोंडातून काढला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, तो पाइप काढणं म्हणजे मोठीच गोष्ट.

"उनान," तो हळूच म्हणाला. "दाउ. त्री. पेवार. पेम्प."

केझाया आ वासून उभी राहिली. "अगंबाई! हा तर मासळी मोजतोय!"

तुम्हाला सांगते, कॉर्नवॉल आणि ब्रेतान्य या दोघी समुद्राच्या दोन काठांवर पडलेल्या जुन्या बहिणी आहेत. भाषा मुळातली एकच. राजे वेगळे झाले, झेंडे वेगळे झाले, पण पाचाला पाच म्हणायची पद्धत तशीच राहिली. दोन वर्षं ही दोघं एका नौकेवर राहिली आणि एक शब्द बोलली नाहीत, कारण ती त्याला फ्रेंच समजत होती आणि तो तिला इंग्रज.

ती पुढे मोजत गेली, अठरापर्यंत पोचली आणि माझ्या आकड्यावर बोट आपटलं. मग हाताने पाणी दाखवलं, "नाउन्जेक!" एकोणीस. पाणी एकोणीस होतं, बाबा!

ग्वेनोलेने मान हलवली. त्याने अठराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "नाओंतेक."

"अरे हे अठरा आहेत!"

"नाओंतेक," तो पुन्हा म्हणाला. त्याने तिच्याकडे बोट केलं, मग माथ्यावरच्या इंग्रज झेंड्याकडे. "नाओंतेक." तुमचे एकोणीस. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून अठरा म्हणाला. आणि खिशातली घडीची पट्टी काढून त्याने अठरा आणि एकोणीस या दोन आकड्यांच्या मध्ये उभी धरली. एक राजाचं पाऊल, चोख.

केझाया मूर्ख नव्हती. ती शिडीवरून अशी चढली की तिचा एक बूट पाण्यात पडला, आणि नवऱ्याची पट्टी घेऊन तशीच एका बुटाने परत उतरली. दोन पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. इंग्रजी फूट संपला तरी फ्रेंच फूट संपला नव्हता. पाऊण इंचाहून थोडा जास्तच पुढे होता. अठरा फुटांत अठरा वेळा पाऊण इंच! एका फुटाहून जास्तच फरक झाला. मी इंग्रजी मापाने एकोणीस फुटांहून खोल बसत होते, आणि त्यांनी मला एकोणीस फुटांत घातलं होतं.

"झेनस!" ती अशी ओरडली की बंदरातल्या सगळ्या नौकांवरची माणसं वळली. "झेनस, खाली ये! तुझी पट्टी तोकडी आहे!"

खटला शेजारच्या मोठ्या नौकेवर झाला, पण तिथल्या खलाशांच्या तोंडून मला अक्षरन् अक्षर कळलं. अध्यक्ष म्हणजे एक खडूस म्हातारा होता, दोन्ही गुडघे दुखणारा. विंडलने आधी साक्ष दिली. नौकेने सुकाणू ऐकलं नाही, फ्रेंच बनावट, मूळचाच दोष, वगैरे वगैरे. मग ट्रेम्बाथ उभा राहिला.

"सुकाणू तिने ऐकलं, साहेब. दोष तिच्यात नाही. माप वाचण्यात आहे." आणि त्याने दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"ही पट्टी कुणाची?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आमच्या ब्रेतॉन सुताराची. त्यानेच आकडे कोरले. तो तिकडे नौकेवरच आहे."

"शत्रूचा कैदी. त्याची साक्ष चालत नाही. आणि खिशातली लाकडी पट्टी तर कुणीही काल रात्री बसून आखेल."

कुजबुज झाली. विंडल हसला म्हणतात. तेव्हा ट्रेम्बाथ, जो कधी आवाज चढवत नसे, तो म्हणाला, "मग नौकेची साक्ष घ्या, साहेब! ती दोनशे हातांवर उभी आहे. तिच्यावरचे आकडे तर मी काल रात्री कोरले नाहीत!"

म्हाताऱ्याने टेबलावरच्या पट्ट्या बाजूला सारल्या. मग गुडघे धरत उठला. "माझी होडी लावा. आणि आपल्या नौकेच्या सुताराला त्याची पट्टी घेऊन बोलवा. यांची नको."

सहा अधिकारी, सहा तलवारी, सगळे एका होडीत दाटीवाटीने बसून माझ्या नाळेपाशी आले, मागच्या होडीत विंडल आणि ट्रेम्बाथ. लाट होती, म्हाताऱ्याचे पांढरे मोजे भिजले. त्यांच्या सुताराने माझ्या अठरावर पट्टीचं एक टोक ठेवलं. मी श्वास रोखला. हलले नाही, एक केसभरसुद्धा. पाण्यात उतरायच्या दिवशी लोरियाँच्या उतरणीवरही मी इतकी ठाम उभी राहिले नव्हते.

"बारा इंच," तो सुतार म्हणाला. मग वाकला. "आणि वर पाऊण. पाऊणहून थोडं जास्तच, साहेब."

"पुढचा मोज."

"तेवढाच."

"दुसऱ्या बाजूचा."

"तेवढाच, साहेब. एक केस इकडे नाही की तिकडे नाही. कोरणारा माणूस कसलेला आहे."

वर कठड्याशी ग्वेनोले उभा होता. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण सुताराने अंगठा उंचावलेला त्याने पाहिला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. केझाया सरळसरळ रडत होती.

म्हातारा विंडलकडे वळला. "कप्तान, नौकेने सुकाणू ऐकलं नाही, असं आपण शपथेवर म्हणालात ना?"

विंडलचं गुळगुळीत तोंड लाल झालं. "मला... तसं वाटलं होतं, साहेब."

"वाटलं होतं," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा त्याच्याशी बोलला नाही. निकाल दुपारीच लागला. मास्तर झेनस ट्रेम्बाथ निर्दोष, त्याच पदावर कायम. नौका निर्दोष, दुरुस्त करून सेवेत घ्यावी. हे दुसरं वाक्य मुद्दाम लिहून घेतलं होतं, असं म्हणतात. आणि तिसरं: नाळेवरचे चुकीचे आकडे खोडून योग्य आकडे कोरावेत.

चुकीचे! मी इतकं सहन केलं, पण या शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, तळपाय असता तर.

छिन्नी ग्वेनोलेच्या हातात दिली. त्याने ती खाली ठेवली. पुन्हा दिली, पुन्हा ठेवली. तोवर केझायाने त्याला चार शब्द शिकवले होते आणि त्याने तिला दहा. तिनेच मध्यस्थी केली.

"काय म्हणतोय तो?" ट्रेम्बाथने विचारलं.

"म्हणतोय, आकडे खरे आहेत. खरे आकडे मी खोडणार नाही. हवं तर तुरुंगात घाला."

"हुकूम आहे म्हणावं."

तिने सांगितलं. ग्वेनोलेने एक शब्द उच्चारला. तो मी इथे सांगणार नाही. केझायाला तर तो ताबडतोब कळला. काही शब्द दोन्ही काठांवर सारखेच असतात.

ट्रेम्बाथ हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "हुकुमात योग्य आकडे कोरा म्हटलंय. किती बाजूंना, ते म्हटलेलं नाही. उजवी बाजू आपली करू. डावी त्याची राहू दे."

तसं झालं. उजवीकडे इंग्रजांच्या सुताराने इंग्रजी फूट कोरले. डावीकडे माझे आकडे राहिले. नवा माणूस होडीतून आला की एका बाजूने अठरा वाचायचा, दुसऱ्या बाजूने एकोणीस, आणि डोकं खाजवायचा. ट्रेम्बाथ प्रत्येकाला दोन्ही बाजूंना नेऊन समजावून सांगायचा. आणखी अकरा वर्षं मी त्याच्या हाताखाली राहिले आणि पुन्हा कधी वाळूला शिवले नाही.

मग युद्ध संपलं. ग्वेनोले त्याच्या गावी गेला. जाताना नाळेवर थाप मारली, पाइप न काढता. ट्रेम्बाथ म्हातारा होऊन घरी गेला. त्याच्यामागे केझायाही गेली, जाताना शिडी खराब झाली म्हणून मलाच चार शिव्या देऊन. मला या खाडीत आणून बांधलं. आधी कोठार केलं, मग काहीच केलं नाही. तोफा उतरल्या, तांब्याचा पत्रा उतरला. पावसाने मला आतून भिजवलं. कुणी डागडुजी केली असती तर आणखी तीस वर्षं पाण्यावर राहिले असते, इतकं चांगलं माझं हाड आहे. कुणी केली नाही. मी आळवणी केली नाही.

परवा एक ब्रेतॉन कांदेविक्या होडी घेऊन इथून गेला. त्याच्या बोलण्यातून कळलं की फ्रान्समध्ये आता फूटच राहिला नाही. राजाचं डोकं उडवलं तेव्हा पाऊलही मोडीत काढलं. आता तिथे मीटर की काय ते चालतं. म्हणजे ज्या मापाने मी घडले, ते माप माझ्या देशात नाही आणि या देशात तर कधीच नव्हतं.

आज सकाळी मोडणारे आले. मुकादम चिखलातून माझ्याभोवती फिरला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पट्टी लावली आणि सोबत्याला हाक मारली, "अरे, हिची एक बाजू चुकलीय बघ!"

मित्रांनो, मोडायला माझी ना नाही. लाकूड आहे, कधीतरी मोडणारच. मला जपा असंही मी म्हणणार नाही. ते म्हणायला हवं होतं तेव्हाही म्हटलं नाही. माझं मागणं एवढंच आहे, आणि तेही माझ्यासाठी नाही. तुमच्यापैकी कुणी कधी दुसऱ्याला मापायला निघालं, हा कमी भरला, ही चुकली, हा दगाबाज निघाला असं म्हणायला तोंड उघडलं, तर आधी होडीत बसा. मोजे भिजू द्या. त्याच्याजवळ जा आणि तो कुठल्या मापाने घडला ते विचारा.

मुकादमाने करवत माझ्या डाव्या बाजूला टेकवली आहे. टेकव बाबा. पण ऐकून ठेव: ते अठरा आहेत, आणि अठराच आहेत.